डाव्या बाहीचं माप

सुरुवात करण्यात पवित्राचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवी लोकर आणली की तिला दम निघत नसे. चिकपेटेच्या बाजारातून घरी आली की हातपाय धुवायच्या आधी लडी गुडघ्यांवर चढवून ती गुंडा करायला बसायची. पहिल्या वीसेक ओळी हां हां म्हणता व्हायच्या. पाठ संपत आली की मात्र मन दुसऱ्याच कुठल्या रंगावर जायचं आणि हातातलं विणकाम सुयांसकट पिशवीत जाऊन पडायचं.

नोकरीत ती अशी नव्हती. पीण्या या औद्योगिक वस्तीतल्या एका छोट्या कारखान्यात तपासणी विभागात ती बावीस वर्षं होती. पंपांचे दांडे मापायचे, केसाएवढा फरक दिसला तरी तुकडा लाल ट्रेमध्ये टाकायचा, हे तिचं काम. तिथे अर्धवट काही सोडायची सोय नव्हती. घर जे. पी. नगरला. मेट्रोत जाता-येता पाऊण-पाऊण तास मिळायचा, तेवढ्यात ती विणायची. स्टीलच्या सुयांवरून एकदा तपासणीला अडवलं होतं, तेव्हापासून प्रवासात बांबूच्या.

नोव्हेंबरात, जेवणाच्या सुट्टीत, तिच्या हाताखालची रक्षिता डबा उघडता उघडता म्हणाली, "मॅडम, सातवा लागला. बाळासाठी तुमच्या हातचं काहीतरी पाहिजे हं. विकतचं कोणीही देईल."

"देते की," पवित्रा म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने दहा नंबरच्या सुया शोधायला घेतल्या. तिच्याकडे या नंबरच्या पाच जोड्या होत्या. डब्यात एकही नव्हती. मग तिने कपाटावरच्या पिशव्या खाली काढल्या, दिवाणातल्या काढल्या, आणि सगळं पलंगावर मांडलं. नवऱ्याच्या बिनबाह्यांच्या स्वेटरचा पुढचा भाग. चौकोनी तुकडे, दुलईसाठी विणलेले, चाळीस झालेले आणि एकेचाळिसावा सुईवर. एकच पायमोजा. साठाव्या ओळीत वीण चुकलेली जाळीची शाल. आणि सगळ्यात खाली, जुन्या ओढणीत गुंडाळलेला, पिकल्या जांभळाच्या रंगाचा स्वेटर. पाठ, पुढचे दोन्ही भाग जोडून झालेले, बाह्या नाहीत. गळ्याचे टाके अजून सुईवर.

गुरुदत्त, तिचा नवरा, दारात येऊन उभा राहिला. "एवढं सगळं आपल्याच घरात होतं?"

"होतं."

"यातला माझा कुठला?"

"तो राखाडी. पुढची बाजू झालीय."

"म्हणजे समोरून वारा आला तर अडचण नाही," तो म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून पुढचं बोलायचं थांबला. जांभळा स्वेटर त्यानेही ओळखला होता.

नवी जोडी आणणं काही कठीण नव्हतं. रस्त्यापलीकडच्या दुकानात मिळाली असती. आजवर तिने तेच केलं होतं. पण पलंगावरचा तो पसारा पाहून तिला कारखान्यातला लाल ट्रे आठवला. त्यात पडलेल्या प्रत्येक तुकड्याचा रोज निकाल लागतो: दुरुस्त करायचा की वितळवायला पाठवायचा. तिने ठरवलं, नवी सुई आणायची नाही. एकेक काम हातात घ्यायचं. पुरं करायचं, नाहीतर उसवायचं.

शाल तिने त्याच रविवारी उसवली. साठ ओळींचं काम तासाभरात गुंडा होऊन बसलं, आणि तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. पायमोज्याचा जोडीदार मेट्रोत चार दिवसांत झाला. दुलईचे ऐंशी तुकडे करायचे होते. चाळिसांत पाळण्यापुरती दुलई होते, हे ध्यानात आल्यावर ती स्वतःशीच हसली. एकेचाळिसावा सुईवरून काढला, आठ-आठांच्या पाच ओळी जोडल्या, कडेने पांढरी किनार घातली. रक्षिताने ती गालाला लावून पाहिली आणि साऱ्या विभागात फिरवून आणली.

सुया रिकाम्या होत गेल्या तसं एक लक्षात यायला लागलं. कंटाळा हे कारण नव्हतंच. वस्तू पुरी झाली की ती कोणाच्या तरी हातात द्यावी लागते, आणि मग तो माणूस काय म्हणतो ते ऐकावं लागतं. सुईवर असेपर्यंत तिला कोणी नावं ठेवत नव्हतं.

गुरुदत्तच्या स्वेटरची पाठ चालू असताना तिने जांभळ्याला हात लावला नाही. पाठ संपली. मग तिने जांभळ्याच्या गळ्यावरची धूळ झटकली, टाके मोजले. पुढचं काम उघड होतं: बाह्या. त्यासाठी माप लागणार होतं, आणि माप शिवलीलाअक्काच्या हातावर होतं.

अक्का तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. बेळ्ळंदूरला मुलाकडे, यशोवर्धनकडे राहायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या पंचावन्नाव्या वाढदिवसासाठी पवित्राने हा स्वेटर विणायला घेतला होता. मग आईचं आजारपण सुरू झालं. शेवटचे पाच महिने आई पवित्राकडेच होती. श्वास लागायला लागला तेव्हा अक्का रोज फोन करून सांगायची, तिला दवाखान्यात भरती कर. आई सांगायची, मला इथून हलवू नका. पवित्राने आईचं ऐकलं. तेराव्याला, पानं उठल्यावर, स्वयंपाकघरात भांडी आवरता आवरता अक्का म्हणाली, "तू तिला तुझ्या सोयीने जाऊ दिलंस." पवित्रा म्हणाली, "फोनवरून सेवा करणं सोपं असतं." दोघींनी आवाज चढवला नव्हता. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांना काही कळलंही नाही. त्यानंतर दोन वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या.

अंदाजाने बाही विणता आली असती. लहानपणी दोघी एकमेकींचे कपडे घालायच्या. अक्काचा हात आपल्यापेक्षा दोन बोटं लांब, एवढं तिला ठाऊक होतं. पण अंदाज तिला जमत नसे, बावीस वर्षांची सवय. शेवटी पीण्याच्या मेट्रो स्टेशनात फलाटावर उभी राहून तिने यशला फोन लावला.

"मावशी?" तो म्हणाला. आवाजात आश्चर्य होतं.

"यश, एक काम होतं. अक्काच्या हाताचं माप हवंय. खांद्यापासून मनगटापर्यंत, आणि दंडाचा घेर. टेपने घे आणि मेसेज कर. मी मागितलं म्हणून सांगू नकोस."

यश मग म्हणाला, "कुठल्या हाताचं?"

"कुठल्याही. दोन्ही सारखेच असतात."

"आता नाहीत, मावशी."

गाडी आली, दारं उघडली, मिटली. ती फलाटावरच राहिली. यश सांगत होता: गेल्या वर्षी छातीत गाठ निघाली, डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या ग्रंथी काढल्या, त्यामुळे तो हात सुजतो. औषधं संपली, तब्येत बरी आहे. हात मात्र असाच राहील म्हणतात. "मी तुला कळवणार होतो. आईने शपथ घातली."

"मला येऊ दे," पवित्रा म्हणाली. "माप मीच घेते."

"विचारून सांगतो." आणि पाच मिनिटांनी मेसेज आला, रविवारी अकराला.

बेळ्ळंदूरला पोचायला बसने दीड तास लागला. सिल्क बोर्डाच्या चौकापुढे गाड्या जागच्या हलेनात. मांडीवर स्वेटरची पिशवी घेऊन पवित्रा काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होती. चौदाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडेपर्यंत त्यातलं काहीही उरलं नव्हतं.

दार अक्कानेच उघडलं. बारीक झाली होती. केस नव्याने आलेले, आखूड आणि कुरळे, तिला कधीच नव्हते असे. डाव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत कातडीच्या रंगाचा घट्ट मोजा होता.

"ये. यश भाजी आणायला गेलाय. मुद्दामच गेलाय," ती म्हणाली. "कॉफी घेणार ना? स्वल्प जास्त साखर, अजून तशीच?"

"तशीच."

कॉफी होईपर्यंत पवित्रा ओट्याशी उभी राहिली. अक्का डाव्या हाताने काही उचलत नव्हती. पवित्राने डिकॉक्शनचं भांडं पुढे सरकवलं, अक्काने घेतलं.

"कळवलं का नाहीस?" शेवटी पवित्राने विचारलं.

"कळवलं असतं तर तू आली असतीस."

"मग?"

"मग तू माझ्यासाठी आलीस की आजारासाठी, ते मला कळलं नसतं." अक्काने कपात दूध ओतलं. "आणि मी तेव्हा जे बोलले होते, ते बोलून तुझ्याकडूनच सेवा घ्यायची? नको वाटलं."

दोघी कप घेऊन खिडकीशी बसल्या. खाली रिंग रोडवर गाड्यांची रांग लागली होती.

"दवाखान्यात अकरा दिवस होते मी," अक्का म्हणाली. "नळ्या, सुया, रात्रंदिवस तो उजेड. मला बरं व्हायचं होतं म्हणून सोसलं. तेव्हा आईचं आठवलं. तिला बरं व्हायचं नव्हतंच गं. तिला घरी राहायचं होतं."

हेच वाक्य ऐकायला पवित्रा दोन वर्षं थांबली होती. पण ऐकल्यावर तिला बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटली. समोर अक्का बसली होती, कुरळ्या केसांची, दवाखान्याने वाचवलेली. "मला अजून कधीकधी वाटतं," पवित्रा सावकाश म्हणाली, "नेलं असतं तर आणखी वर्षभर राहिली असती. डॉक्टर तसं म्हणाले होते. मी तुला सांगितलं नाही."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. रागावेल असं पवित्राला वाटलं, आणि तो राग तिला चालला असता. "म्हणाले असतील," अक्का एवढंच म्हणाली. कोणाचं बरोबर होतं ते ठरवायला आई उरली नव्हती, आणि दोघींनीही पुढे ते ओढलं नाही.

मग पवित्राने टेप काढली. अक्काने मोजा हळूहळू गुंडाळत उतरवला. त्याला पाच मिनिटं लागली. पवित्राने आधी उजवा हात मापला: मनगट पंधरा सेंटिमीटर, कोपराखाली बावीस, दंड अठ्ठावीस. मग डावा: अठरा, सत्तावीस, चौतीस. कातडी ताणलेली, गरम होती. दोन्ही हातांची लांबीही घेऊन तिने आकडे एका कागदावर उतरवले.

"एक बाही जाडी, एक बारीक. विचित्र दिसेल," अक्का म्हणाली.

"जो हात आहे त्याच्या मापाची असेल."

"विकतचं काही अंगात जातच नाही. वर्षभर यशचे शर्ट घालतेय." अक्काने पुन्हा मोजा चढवायला घेतला. कोपराशी अडला तेव्हा पवित्राने न विचारता वरून धरला.

घरी येऊन तिने पाहिलं, नुसती बाही रुंद करून भागणार नव्हतं. डावा मुंढाही मोठा करायला हवा होता. म्हणजे जोडलेली शिवण उसवायची, पाठ आणि पुढचा भाग अर्ध्यापर्यंत काढायचा. तीन वर्षांपूर्वीची लोकर संपली होती. चिकपेटेतल्या दुकानदाराने चार गुंडे दाखवले. एकही तंतोतंत जुळेना. शेवटी तिने थोडी गडद घेतली आणि दोन्ही मनगटांच्या पट्ट्या, गळा आणि कड त्या रंगात करायची ठरवली. उजव्या बाहीत दर सहा ओळींनी टाके वाढवायचे होते, डावीत दर चौथ्या ओळीला. आकड्यांचा कागद तिने पिशवीत ठेवला होता, पण आठवड्याभरात तो बघायची गरज उरली नाही. मेट्रोत शेजारी बसलेल्या एका बाईने दोन्ही बाह्या पाहून सांगितलं, "एक चुकलीय वाटतं." पवित्रा म्हणाली, "नाही, बरोबर आहे."

सात आठवडे लागले. एकदा डावी बाही कोपरापर्यंत उसवावी लागली, कारण वीण घट्ट झाली होती आणि त्या हाताला घट्ट चालणार नव्हतं. संक्रांत होऊन गेली. शेवटचा टाका बंद करून धागा आत ओवला तेव्हा गुरुदत्त वर्तमानपत्र वाचत होता. "सरी? झालं ना?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "सरी. उद्या देऊन येते."

अक्काने स्वेटर घातला तो यशच्या खोलीत, एकटीने, दार लोटून. बाहेर आली तेव्हा डावा हात बाहीत मोकळा बसला होता. उजवी बाही बोटभर लांब झाली होती; तिने ती दुमडली. अंगात थोडा ढगळ होता. डावीकडे छातीशी लोकर सैल पडत होती. अक्का आरशासमोर उभी राहिली, आडवी वळली, मग म्हणाली, "चल, खाली फिरून येऊ. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय."

खाली कडेच्या वाटेवर ऊन होतं. दुसऱ्या फेरीला समोरून एक शेजारीण आली, थांबली, कन्नडमध्ये विचारू लागली, स्वेटर कुठून घेतला.

"नन्न तंगी माडिद्दु," अक्का म्हणाली. माझ्या धाकट्या बहिणीने केलाय.

शेजारणीने पवित्राकडे नीट पाहिलं. अक्काला ती वर्षभर रोज भेटत होती. "निमगे तंगी इद्दारा?" तुम्हाला बहीण आहे?

पवित्राची नजर खाली गेली.

"इद्दाळे," अक्का म्हणाली. आहे. आणि चालायला लागली, जरा भरभरच, तेव्हा पवित्राला तिला गाठायला दोन पावलं पळावं लागलं.