भीती नसलेला वाटाड्या

लुआंग्वा नदीच्या काठी पाहुण्यांना पायी जंगल दाखवणाऱ्या वाटाड्याला पगार मिळतो तो घाबरण्याचा. पक्ष्यांची नावं सांगणं, शेण फोडून त्यातल्या बिया दाखवणं, हे सगळं वरकड. गवत हललं की सगळ्यांच्या आधी त्याला भीती वाटली पाहिजे, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता त्याने माणसांना झाडाआड नेलं पाहिजे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते घरी बसणाऱ्यांसाठी ठीक आहे. इथे तो न भिणाऱ्याच्या पाठी लागतो, आणि त्याच्याबरोबर आलेल्या बिचाऱ्यांच्याही.

झाकेयो जेरे या कामात मुरलेला होता. पण मागच्या पावसाळ्यात त्याची मुलगी तमांडा मलेरियाने गेली. नदीला पूर, रस्ता बंद, होडीतून दवाखान्यात नेईपर्यंत पोर थंड पडली होती. नऊ वर्षांची होती. झाकेयो रडला नाही. आधी लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. मग काहीच म्हणेनासे झाले. पाऊस सरला, पाहुण्यांचे कॅम्प उघडले, तसा तो गणवेश घालून कामावर हजर झाला.

आपल्याला काय झालंय हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. झुडपातून एक म्हातारा रेडा समोर उठून उभा राहिला. असा एकटा रेडा म्हणजे जंगलातलं सगळ्यात वाईट डोकं. झाकेयोने वाट पाहिली, की आता छातीत धडधडेल. धडधडलं नाही. रेडा फुरफुरून निघून गेला, मागे पाहुणे देवाचं नाव घेत होते, आणि हा आपल्या बुटाची सुटलेली नाडी बघत होता. जेवणाचंही तेच. त्याची बायको फेलिया समोर न्शिमाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, गरम गोळा आणि सुकी मासळी ठेवायची, तो संपवायचा, आणि काय खाल्लं म्हणून विचारलं असतं तर त्याला ताटाकडे बघून सांगावं लागलं असतं.

पाहुण्यांना मात्र तो भलताच आवडायला लागला. इतका शांत माणूस! इतक्या जवळून हत्ती! कॅम्पची व्यवस्थापक मुटिंटा खूश होती. लोक नाव घेऊन झाकेयोला मागत होते.

खूश नव्हता तो कासोंदे. कासोंदे वनखात्याचा बंदूकवाला. पायी फेरीत सगळ्यात पुढे तो रायफल घेऊन चालतो, त्याच्यामागे वाटाड्या, मग पाहुणे, आणि शेवटी चहाचं सामान डोक्यावर घेतलेली एस्नार्त. कासोंदेला आयुष्यात एकदाही जनावरावर गोळी झाडावी लागली नव्हती, आणि त्याचा त्याला अभिमान होता. चूक माणसाची आणि मरायचं हत्तीने, हा हिशोब त्याला मान्य नव्हता.

कासोंदे बेंबा जमातीचा, झाकेयो न्गोनी. या दोन जमाती कधीकाळी एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या, आणि लढून दमल्यावर थट्टेचे भाऊबंद झाल्या. मेव्हण्यामेव्हण्यांत चालते त्याच्या शंभरपट थट्टा यांच्यात चालते, आणि राग धरायचा नाही हा नियम. दोघं एवढी वर्षं कॅम्पवर भेटले की रामराम नाहीच, थेट कासोंदेची सुरुवात.

"आला का उंदीरखाऊ! बायकोने आज तरी शेपटी काढून शिजवला ना?"

"तू गप रे माकडखाऊ. काल झाडावर बसून कोण मला हाका मारत होतं? तुझे काका ना ते?"

तमांडाही या खेळात असायची. कासोंदे घरी आला की ती त्याची टोपी लपवायची आणि परत द्यायला इतके उंदीर आण म्हणून भाव सांगायची.

थट्टेच्या या नात्याचं खरं काम असतं ते मयताच्या वेळी. थट्टेच्या भावाने पुरायच्या खड्ड्यात उतरून बसायचं, नाणं दिल्याशिवाय प्रेत खाली घेऊ देणार नाही म्हणायचं, मेलेल्याच्या नकला करायच्या, घरच्यांना नको नको ते बोलायचं. घरचे आधी चिडतात, मग हसतात, आणि हसता हसता बांध फुटतो. हे दुसऱ्या कुणी केलं तर लोक त्याला चपलेने मारतील. पण भावाने केलं नाही, तर मयत नीट झालं नाही असं समजतात.

तमांडाच्या खड्ड्यापाशी कासोंदे हातात टोपी घेऊन उभा राहिला आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. झाकेयोची आत्या सगळ्यांसमोर म्हणालीसुद्धा, "तुझा बेंबा मुका झाला का रे?" कासोंदेने मान खाली घातली. माती लोटली गेली. त्या दिवसापासून तो झाकेयोला उंदीरखाऊ म्हणाला नाही. "बाम्बो जेरे, निघायचं का?" असं म्हणायचा. बाम्बो म्हणजे बाबा, साहेब. परक्या माणसाला म्हणतात. झाकेयोला हा फरक समजला, पण लागला नाही.

त्या दिवशी सकाळी बरोबर चार पाहुणे होते. दोन जोडपी, दूरच्या थंड देशातली. त्यांतल्या इंग्रिड नावाच्या बाई सत्तरीच्या पुढच्या, हाडं काटकुळी, पण हौस दांडगी. निघण्यापूर्वी झाकेयोने नेहमीचं सांगितलं: एका ओळीत चाला, बोलू नका, काही झालं तरी पळू नका, माझ्याकडे बघा आणि मी करीन तसं करा.

"तुमच्याबरोबर असल्यावर कसली भीती!" इंग्रिडबाई म्हणाल्या.

नदीच्या वळणापाशी मोठ्या बाभळींसारख्या झाडांची राई आहे. त्यांच्या वळलेल्या शेंगांसाठी हत्ती जीव टाकतात. राईत एक हत्तीण होती, आणि तिच्या पोटाखाली या वर्षीचं पिल्लू. कासोंदे थांबला. जिभेने टक् केलं. म्हणजे बास, आता मागे.

झाकेयो थांबला नाही. कासोंदेला ओलांडून तो पुढे गेला. बंदुकीच्या पुढे वाटाड्या जात नाही, हे या धंद्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण झाकेयोचं मन कशातच नव्हतं. समोर जागा होती, पाय चालत होते. आणि पाहुण्यांना सांगितलंच होतं, मी करीन तसं करा. चौघंही त्याच्यामागून आले.

"बाम्बो जेरे," कासोंदे दबक्या आवाजात म्हणाला. मग, "बाम्बो!"

वारा फिरला. हत्तिणीने कान उघडले, डोकं उचललं, आणि ती आली. आधी दटावून बघणं नाही, पाय आपटणं नाही, सरळ आली.

अशा वेळी वाटाड्याने हात वर करून ओरडायचं असतं, टाळ्या वाजवायच्या असतात, आपण झाडाएवढे आहोत असं दाखवायचं असतं. झाकेयो तसाच उभा राहिला. थांब्यावर उभ्या माणसाने येणारी बस बघावी तसा तो तिच्याकडे बघत होता. सोंड पोटाशी घेतलेली त्याला दिसली. एका सुळ्याचं टोक तुटलेलं दिसलं. बरोबर, असंच असतं, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याच्यामागे इंग्रिडबाई हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या, कारण त्यांना सांगितलं होतं तसं त्या झाकेयोकडे बघत होत्या, आणि झाकेयो शांत होता.

वाचवलं ते एस्नार्तने. तिने डोक्यावरची टोपली खाली टाकली आणि किटली दगडावर बडवत शिव्यांचा असा सपाटा लावला की झाडावरची माकडं पळाली. तोवर कासोंदे बाजूने पुढे येऊन रायफल रोखून ओरडत होता. आवाज फाटला होता त्याचा. हत्तीण थांबली. तिने उडवलेली धूळ त्यांच्या अंगावर आली इतक्या जवळ थांबली. डोकं झटकलं, आणि पिल्लाला ढकलत राईत गेली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या! काय माणसं असतात.

चहा ठरल्या जागी झाला. किटलीला पोचा आला होता. कप भरताना एस्नार्त झाकेयोकडे बघत नव्हती. कासोंदेने त्याला दंडाला धरून पाहुण्यांपासून लांब, वारुळाच्या पलीकडे नेलं.

"आज मी तिला मारणार होतो," तो म्हणाला. "बोट घोड्यावर होतं माझं. पिल्लाच्या आईला. तुझ्यापायी."

"हं," झाकेयो म्हणाला.

"हं काय हं? ती म्हातारी मेली असती! तिचा नवरा तिथं उभा राहून फोटो काढत होता!"

"मेली नाही ना."

कासोंदेने त्याच्याकडे पाहिलं. मग एकदम डोक्यावरची टोपी काढून त्याने जमिनीवर आपटली आणि मोठ्याने सुरू केलं. "ए उंदीरखाऊ! ढाल-भाले घेऊन आले तुझे आजे, आणि तुला एक पोर सांभाळता आली नाही? बरी गेली ती. तुझ्या घरात उंदरांच्या शेपट्या चघळून मोठी झाली असती, दात पडून बोळकं झालं असतं तिचं! लग्न कुणी केलं असतं तिच्याशी? मीच आणला असता एखादा बेंबा नवरा, लंगडा! आता... आता माझी टोपी कोण..."

पुढे त्याला बोलता येईना. एवढा थोराड माणूस, वारुळाला हात टेकून रडायला लागला. मयताला करायचं काम त्याने इतक्या महिन्यांनी, चुकीच्या जागी, मोडक्यातोडक्या तऱ्हेने केलं, आणि ज्याच्यासाठी केलं तो सोडून स्वतःच रडला.

झाकेयो उभा राहून बघत होता. आता आपल्याला हसू यायला हवं, मग रडू. त्याने वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. एक माशी त्याच्या मनगटावर बसली. त्याला काही आलं नाही.

पण डोकं तर शाबूत होतं. कासोंदेला रडताना बघून त्याला स्वच्छ दिसलं, की जे आज आलं नाही ते उद्याही येणार नाही, आणि उद्याही त्याच्यामागे कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याने उभं असेल. त्याने टोपी उचलली, झटकली, कासोंदेच्या हातात दिली. "परत जाताना ओळ तू सांभाळ," तो म्हणाला. "मी शेवटी एस्नार्तच्या मागे चालतो."

मग तो पाहुण्यांपाशी गेला.

"मघाशी चूक झाली," त्याने सांगितलं. "इतकं जवळ न्यायचं नसतं."

"पण ती थांबणार हे तुम्हाला माहीत होतं," इंग्रिडबाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्ही हलला नाहीत."

"माहीत नव्हतं."

"मग?"

"मला काही वाटलंच नाही, बाई. तुम्ही मागे आहात हेही मनात नव्हतं."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं. मग त्यांनी कप खाली ठेवला, ठेवताना तो कलंडला, आणि त्या मागे वळून राईकडे बघायला लागल्या. नवऱ्याने त्यांना धरलं. घटका उलटून गेल्यावर त्या घाबरल्या, पण घाबरल्या.

कॅम्पवर मुटिंटाने सगळं ऐकून घेतलं. "थकलायस तू. दोन दिवस झोप काढ. पुढच्या आठवड्यातली मंडळी तुलाच मागताहेत."

"मला पायी फेरीवर पाठवू नका, मायी. गाड्या धुतो, कुंपणं बांधतो, काहीही करतो."

"अरे, तुझ्यासारखा निधड्या छातीचा वाटाड्या..."

"छाती निधडी नाही, रिकामी आहे," झाकेयो म्हणाला. "आज मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कासोंदेला विचारा."

कासोंदे दारात होता. त्याने नुसती मान हलवली. मुटिंटा दुसऱ्या वाटाड्याला बोलवायला उठली.

झाकेयो ऊन डोक्यावर असतानाच घरी पोचला. फेलिया सावलीत सूप घेऊन शेंगा फोडत बसली होती. एवढ्या लवकर आलेला बघून तिचे हात थांबले. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"पायी फेरीचं काम सुटलं," तो म्हणाला.

"कुणी काढलं?"

"मीच सोडलं. आज हत्तीण अंगावर आली. माझ्यामागे माणसं होती, आणि मी नुसता उभा. मला भीती वाटत नाही, फेलिया. पोर गेल्यापासून वाटत नाही. कशाचीच."

फेलिया त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सूप बाजूला सारलं आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. तिची बोटं गार होती.

"मला वाटते ना," ती म्हणाली. "तू सकाळी निघालास की सुरू होते, ती तू परत येईस्तोवर. हातातलं भांडं पडतं माझ्या. शेजारणी हसतात. दोघांच्या वाटणीचं एकटीच भीत होते मी."

झाकेयोने हात सोडवून घेतला नाही. सकाळी निघताना ती रोज दारात उभी असायची, एवढं त्याला आठवलं. तिचा चेहरा कसा असायचा ते आठवेना. तो तिच्या चेह­ऱ्याकडे बघायला लागला.