अळसांद्याच्या मुळाचं रक्त

"रक्त! रक्त आलं!"

महेशच्या शेतात एकच गलका झाला. पुढचे मागं सरकले, मागचे पुढं घुसले, आणि मधे सापडलेल्या माझ्या पायांवरून अख्खी वाडी गेली. मी गिरणीवाला. दळण टाकून माणसं पळाली, म्हणून मीही गिरणी बंद करून आलो होतो.

करणी उतरवायला वाडीत आलेल्या गाठसोडे महाराजांनी अळसांद्याचं, म्हणजे चवळीचं, एक रोप उपटून उंच धरलं होतं. मुळांना मिऱ्याएवढ्या गाठीच गाठी. त्यातली एक त्यांनी नखानं फोडली आणि बोटाला लाल ओल लागली. मग बांधावरचं गवत उपटून दाखवलं. त्याचं मूळ स्वच्छ.

"ह्याला म्हणत्यात गाठमार करणी! मूळ बांधलं, पीक बांधलं, आता घर बांधणार! ओम फट, गाठ फट, वैरी सटासट!"

ही चाल मला ओळखीची वाटली. रामनगरच्या बाजारात हाच गडी पूर्वी ह्याच चालीवर उंदरांचं औषध विकायचा. पण सांगणार कुणाला? सगळे मोबाईल वर करून उभे.

महेशचं पीक पिवळं पडलं होतं हे खरं. बांधापलीकडं, जरा चढावर, त्याच्या केशर काकीचं शेत मात्र हिरवंगार. एकटी बाई, नवरा वारलेला, तोंडानं फटकळ. महाराजांना आणखी काय हवं? त्यांचं बोट थेट तिकडंच वळलं.

"तुझं खाऊन तिकडं पिकतंय! अमावास्येच्या आत ती बाई वाडीबाहेर गेली न्हाई, तर तुझ्या पोरीच्या नाडीला गाठ बसंल."

महेशची रक्षा अजून अंगावर पिणारी. बापाचं काळीजच फाटलं.

"चेटकीण!" तो बांधावरून ओरडला. आई गेल्यावर जिनं त्याला वाढवलं, तिला! केशर काकी खुरपं हातात धरून उभी होती. एरवी चार घरं ऐकतील असं बोलणारी बाई, पण तोंडून शब्द फुटेना. मला भडभडून आलं, आणि सगळ्यांचा असा राग आला म्हणता!

तेवढ्यात सुमंगला अक्कोरू, म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई, गर्दीतून वाट काढत आल्या. आमच्या पोरांना शाळेत विज्ञान शिकवतात, आणि थोरांनाही सोडत नाहीत.

"महाराज, रोप कुठलं उपटलंत?"

"महेशच्याच शेतातलं! लपवायचं काय त्यात?"

"पण हे तर हिरवं आहे, कडेच्या हिरव्या पट्ट्यातलं. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी! पिवळं का नाही उपटलं?"

महाराजांनी डोळे मिटले. अडचण आली की त्यांची समाधी लागते.

"महेश, तूच उपट. सगळ्यात पिवळं बघून."

महेश खोलगटात उतरला. पाऊल चिखलात रुतलं. उपटलेल्या रोपाला गाठी मोजक्याच, बारीक. फोडल्या तर आत मातकट, लालीचा टिपूस नाही.

"आता काकींच्या शेतातलं."

काकीनं स्वतःच उपटून दिलं. गाठीच गाठी, आणि आत लाल.

"बघा! चेटकिणीच्या घरचं रक्त!" महाराजांची समाधी झटकन उतरली.

"थांबा. भिकाजींच्या परसातलंही आणा."

महाराजांचा मुक्काम भिकाजीकडं होता, आणि परसाभोवती त्यांनी स्वतः मंतरलेला दोरा गुंडाळला होता. तिथलं रोप आलं. गाठी सगळ्यात टपोऱ्या. फोडल्यावर भिकाजी किंचाळला, "अयायो! महाराज, आमच्याबी मुळावर?"

"त्या बाईनं... दोरा ओलांडून..."

"मग ते एवढं हिरवं कसं ओ?" म्हाताऱ्या यमुनाआजीनं विचारलं. "करणी झाली तर वाळाय नको व्हय?"

असा हशा पिकला की बांधावरचे बगळे उडाले.

"अळसांदे, उडीद, कुळीथ, असल्या पिकांच्या मुळांना ह्या गाठी येतातच," अक्कोरू म्हणाल्या. "आत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन पिकाला तसाच खाता येत नाही. हे त्याचं खत करून देतात, आणि झाड त्यांना घर देतं, साखर खाऊ घालतं. दोघांचंही भागतं. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ असतो ना, त्याचाच भाऊबंद ह्या गाठीत असतो. गाठ लाल, म्हणजे काम चालू. गवताला असली गाठ येतच नाही. आणि महेश, तुझ्या खोलगटात पाणी तुंबलंय. मुळं गुदमरली, जिवाणूही गुदमरले."

"मग आमाला कधी दिसल्या न्हाईत त्या?" भिकाजीनं विचारलं.

"उभं हिरवं पीक उपटतंय कोण? तुम्ही उपटता ते वाळल्यावर. तोवर गाठी सुकून मातीत गळतात."

महाराज एव्हाना पिशवी आणायला सटकले होते. महेश बांधाशी येऊन पुटपुटला, "चुकलं माझं."

"हळू बोलू नको," काकी म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "चेटकीण म्हणालास ते वाडीभर ऐकू गेलं. आता काकी म्हण, तेवढ्याच मोठ्यानं."

महेश ओरडला. रडत रडत ओरडला. मग काकीनं त्याला पाण्याचा चर खणायला लावलं.

लोकहो, शहाणपण शिकवणं माझं काम नव्हे. तरी सांगतो. कुणी तुमच्यापुढं करणीचा पुरावा नाचवला, तर दुसरं रोप आपल्या हातानं उपटा. पिवळं उपटा, शेजारचं उपटा, महाराजाच्या दारातलंही उपटा, मग बोला. त्या दिवशी कुणी विचारलं नसतं, तर आम्ही एका बाईला घराबाहेर काढलं असतं, आणि पीक तरीही पिवळंच राहिलं असतं.