नाव न घेतलेला झरा

बर्माकानने पेला काठोकाठ भरून पाहुणीपुढे ठेवला. पाहुणा हवासा असला तर या खोऱ्यात पेला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरला की समजावं, चहा प्या आणि निघा.

राजधानीहून आलेल्या नुरझादाला ते कळलं असावं, पण ती हलली नाही. तिनं मांडीवर कागद घेतला.

"आपा, बारा वर्षांपूर्वी आमच्या विद्यापीठाचे एक संशोधक इथं राहून गेले. कुरणांवर पुस्तक लिहिलं त्यांनी. त्याचा तुम्हाला काय फायदा झाला, तेवढंच विचारायला आलेय."

"तोही कागद घेऊनच आला होता. आता काय न्यायचंय? हा तंबू?"

"काही न्यायचं नाही हो, आपा."

"तोही हेच म्हणाला. वर माझी साय चाटून गेला."

दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकूनच पिणार. बाहेर तिच्या झऱ्यावर परक्या मेंढ्या पाणी पीत होत्या.

संशोधकाने तेव्हा विचारलं होतं, हा झरा कुणाचा? नवरा कळपामागे गेलेला. झरा सासऱ्यांचा, आणि सासऱ्यांचं नाव इथली सून मरेपर्यंत जिभेवर आणत नाही. बर्माकान रुमालाआड हसली आणि गप्प राहिली. त्यानं नकाशात ती जागा कोरी सोडली. नवरा त्याच हिवाळ्यात वारला. पुढे कुरणं वाटणाऱ्या समितीनं तेच पुस्तक उघडलं आणि कोरी जागा अध्यक्षाच्या मेहुण्याला दिली. खरं काय ते सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, पण वैर कोण घेणार? बर्माकान तक्रार घेऊन गेली तेव्हा समिती म्हणाली, पुस्तकवाल्यांकडून दुरुस्ती आण.

"लिही फायदा," बर्माकान म्हणाली. "अध्यक्षाच्या मेहुण्याच्या मेंढ्या चांगल्या गुबगुबीत झाल्या."

सगळी हकिगत ऐकून नुरझादाचं पेन थांबलं. तिच्या कागदावर नुकसानीचा रकानाच नव्हता. तिनं कागद उलटा केला.

"मागच्या बाजूला लिहिते. दुरुस्तीचं पत्र मिळेलच, असं वचन नाही देत. पण झरा कुणाचा ते तुमच्या तोंडून हवं."

वचन दिलं नाही, म्हणूनच बर्माकानचा तिच्यावर थोडा विश्वास बसला.

ती उठली. रुमाल नीट केला. समोरच्या उतारावर सासऱ्यांची कबर होती. नवी नवरी म्हणून आली तेव्हा वाकली होती, तशी ती तिकडे तोंड करून तीनदा वाकली.

"माफ करा, मामंजी," ती पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "तेमिरबोलोत."

एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच. लाजेनं तिचे कान तापले.

"लिहिलंस? वाच."

नुरझादानं नाव वाचून दाखवलं. बर्माकाननं मान हलवली. पाहुणीचा गार झालेला चहा तिनं दाराबाहेर ओतला, किटली उचलली आणि पेला पुन्हा भरला. या वेळी अर्धाच.