रुपाच्या हळदीत मी वाजले

मित्रांनो, रनाळ्याला छबूबाई पाटलांच्या घरी गेलात, तर मधल्या खोलीत खुंटीला टांगलेली ढोलकी दिसेल. तीच मी. माझं खोड आंब्याचं, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं, सुती दोर आणि पितळी कड्या. नवी नवरी भांडी घासतानाही पातेल्यावर ठेका धरते, हे पाहून अमृतदादांनी मला नंदुरबारच्या बाजारातून बायकोसाठी आणलं.

काय हात होता छबूबाईंचा! धानोऱ्यापर्यंत कुणाकडे हळद असली की आम्हां दोघींना बोलावणं यायचं. त्या मांडी घालून बसत, मला पोटाशी ओढून घेत आणि थाप मारत. बायका म्हणत, "छबूबाईनी ढोलकी वाजनी की पाय घरमा ऱ्हातस नही." मी फुगून जाई.

मग छबूबाईंना शौचावाटे रक्त पडू लागलं. मूळव्याध असेल म्हणून त्यांनी ते लपवलं. सून चेतनाच्या लक्षात आलं तेव्हा तिने सुरतेला नेऊन तपासण्या करून घेतल्या. मोठ्या आतड्याच्या टोकाला कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण शौचाची जुनी वाट कायमची बंद झाली. पोटाच्या डाव्या बाजूला नवं तोंड काढून त्यावर एक पिशवी बसवली.

सगळे म्हणाले, छबूबाई बऱ्या झाल्या. मी मात्र खुंटीवरून पाहत होते. त्यांनी स्वतःची खाट मागच्या खोलीत नेली. पाहुणे आले की त्या जेवत नसत. एका बारशात पिशवीची कड सुटली, साडी भिजली, आणि त्या दिवसापासून त्यांचं घराबाहेर पडणंच थांबलं. एकदा चेतनाने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं, तर त्यांनी दचकून दूर सारलं. मला फार लागलं ते. माझे दोर सैल पडले, अंगावर धूळ चढली.

अशात लेक रुपाचं लग्न ठरलं.

"हळदना दिवस मी मांगली खोलीमा बठसू," छबूबाई म्हणाल्या. "लोके नाक दाबतीन. पोरनी फजिती व्हई."

रुपा म्हणाली, "माय, तू बाहेर नही उनी, ते मी हळद लावू देवाव नही." आणि दोघीही रडल्या.

चेतनाने दवाखान्यातल्या संध्या सिस्टरना फोन केला. पिशवी बदलायला त्यांनीच शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, "मी सांगून उपयोग नाही. एका बाईंना पाठवते."

आल्या त्या गजराबाई. खांडबाऱ्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या. आल्या तशा छबूबाईंच्या चटईवर खेटून बसल्या. भाकरी-भरीत खाल्लं, वर चहा घेतला, हसल्या-खिदळल्या. छबूबाई सारख्या मागे सरकत होत्या.

शेवटी गजराबाईंनी विचारलं, "बाई, इतका वेळ बसले मी. माझा वास आला का तुला?"

"नही वं."

"माझ्यापण पोटाला पिशवी आहे. लई वर्षं झाली."

छबूबाई बघतच राहिल्या. मग त्यांचा बांध फुटला. गजराबाईंनी त्यांना रडू दिलं आणि सांगितलं, "मीपण कोंडून घेतलं होतं. जगावंसं वाटायचं नाही. सिस्टरने मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं, गेले. त्यात लाज कसली? तूपण जा."

छबूबाई त्या डॉक्टरांकडे गेल्या. अमृतदादा दर वेळी सोबत असत. हळूहळू त्या चारचौघांत जेवू लागल्या. बाहेर निघताना पिशवी रिकामी करायची, दुसरी जवळ ठेवायची, हे अंगवळणी पडलं. अमृतदादांनी एके सकाळी त्यांची खाट उचलून पुन्हा आपल्या खाटेशेजारी आणली. त्या नको म्हणाल्या नाहीत.

एका दुपारी त्यांनी मला खाली काढलं, पुसलं, दोर आवळले. पोटाशी धरलं तर पिशवी दबायची. म्हणून समोर गोधडीची घडी घातली, तिच्यावर मला आडवं ठेवलं आणि उजवा गुडघा माझ्या पाठीवर टेकवला. दोन्ही हात मोकळे! पहिल्या थापेला माझा आवाज थोडा बसका निघाला. चौथ्या-पाचव्या थापेला खुलला.

रुपाच्या हळदीला मांडव भरला होता. गाणं रंगात आलं आणि मधल्याच एका शांत क्षणी छबूबाईंच्या पोटाशी पिशवीतून गुर्रकन आवाज आला. बायकांनी वळून पाहिलं. छबूबाईंचा हात माझ्यावर थबकला. मला वाटलं, आता त्या उठतील.

त्या उठल्या नाहीत. मान वर करून म्हणाल्या, "मन्ही थैली बोलनी. तिले बी लगननी हौस शे!"

आधी रुपा हसली, मग अख्खा मांडव. आणि जी थाप पडली, मित्रांनो, तशी माझ्या उमेदीच्या काळातही पडली नव्हती.

आता संध्या सिस्टर नव्या रुग्णांकडे छबूबाईंना पाठवतात. माझं तुम्हांला एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी आजारातून उठलं असेल, तर "आता बरं आहे ना?" एवढं विचारून निघून जाऊ नका. त्यांच्या चटईवर बसा, त्यांच्यासोबत दोन घास खा. आणि कुणी मनानं खचलेलं दिसलं, तर त्यांना डॉक्टरकडे न्या.

सासरी निघताना रुपाने मला मागितलं होतं. छबूबाईंनी साफ नकार दिला.

"तुले नवी ली दिसू. हाई मन्ही शे. माले अजून गावभरन्या हळदी वाजाडन्या शेतस."