लवकर आलेला माल

"विकलास? अरे बाबा, तो फासिकाच्या जेवणासाठी पाठवला होता मी! अंड्याचा आहे तो."

फोनवर रोबले हसत होता. जिबूतीच्या बंदरावर मेकुरियाचा माल सोडवून ट्रकवर चढवून देणारा हा माणूस, वीस वर्षांपासूनचा दोस्त. रोबले मुसलमान, मेकुरिया ख्रिस्ती, पण एकमेकांचे सण दोघेही लक्षात ठेवत. या खेपेचा पास्ता काय पिवळाधमक आहे, गिऱ्हाइकं तुटून पडलीत, अजून पाठव, हे सांगायला मेकुरियानेच हौसेने फोन केला होता.

"अंड्याचा?" मेकुरिया म्हणाला.

"मग! म्हटलं, तुमचा उपवास सुटला की गावाने जरा चांगलंचुंगलं खावं. ट्रक नेहमीसारखा रखडत येईल असं धरून चाललो होतो. यंदा बंदरावर गर्दी नाही, नाक्यावर कुणी अडवलं नाही. खोक्यावर लिहिलंय की."

"इटलीच्या भाषेत लिहिलंय, रोबले."

पलीकडचं हसू थांबलं.

समुद्र नसलेल्या आमच्या देशात माल वेळेवर येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. देब्रे बिरहानमधला प्रत्येक व्यापारी त्यासाठी देवळात मेणबत्त्या लावतो. मेकुरियाचा नवस जन्मात एकदाच फळला, तोही भर उपवासात. फासिका म्हणजे ईस्टर, त्याआधी दोन महिने गावात दूध, लोणी, मांस, अंडं कुणी तोंडात घालत नाही, म्हणून तर याच दिवसांत पास्ता सगळ्यात जास्त खपतो. आणि चांगल्या गव्हाचा पास्ता पिवळा असतो, असं मेकुरियाच सगळ्यांना सांगत आला होता. संशय घ्यायचा तरी कुणी?

गिऱ्हाइकांचं त्याला मागाहून सुचलं. आधी आठवली अत्सेदे.

अत्सेदे त्याची थोरली बहीण, त्याची एत्ये. आई गेल्यावर तिनेच त्याला पाठीवर वागवून वाढवलं होतं. नवरा वारल्यावर तिने जोगिणीची टोपी घातली, गाव तिला एमाहोय म्हणू लागलं आणि ती देवळामागच्या एका खोलीत राहायला गेली. यंदा तिचं पोट बिघडलं. आंबट इंजेरा भाकरी पोटात ठरेना. आजाऱ्याला दूध चालतं, असं खुद्द देवळाच्या धर्मगुरूंनी, अब्बांनी, येऊन सांगितलं. तिने हात जोडून त्यांना वाटेला लावलं. मग मेकुरियाने नव्या खेपेतला पास्ता मऊ शिजवून, वर टोमॅटो-लसूण घालून न्यायला सुरुवात केली. तो तिला चालला. तीन आठवड्यांत ती भिंतीला न धरता देवळापर्यंत जाऊ लागली होती. शेजारणी म्हणत होत्या, उपवासाचं पुण्य बघा.

आता सांगितलं तर ती खाणं टाकणार, आणि खाणं टाकलं तर जगणार नाही. न सांगितलं तर काहीच होणार नव्हतं. उरलेली खोकी परसात ठेवायची, माल संपला म्हणायचं. इटलीची भाषा वाचणारं गावात होतं कोण? डबा घेऊन तो हेच ठरवून तिच्याकडे गेला.

"आलास, माझ्या राजा?" ती उठून बसली. "ये. आज सकाळपासून तुझ्या डब्याचीच वाट बघतेय. म्हातारपणी हावरट झालेय बघ."

"खा, एत्ये. गरम आहे तोवर खा."

चार घास खाऊन तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "वर गेल्यावर त्याने विचारलं तर माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काय आहे? लिहिता येत नाही, पोर झालं नाही. पण उपवास एकही मोडला नाही म्हणेन. आणि शेवटचा तर माझ्या भावाने सांभाळला म्हणेन."

मेकुरियाला ते सोसलं नाही. "एत्ये, हा पास्ता अंड्याचा आहे. मला आज कळलं."

तिने चमचा खाली ठेवला.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"गोड लागत होता," ती म्हणाली. "तेव्हाच कळायला हवं होतं मला. उपवासाचं अन्न इतकं गोड लागतं का कधी?"

मेकुरिया रडायला लागला. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, नाक ओढत रडला. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि डबा त्याच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना सुटल्यावर देवळाच्या पायरीवर उभं राहून त्याने सगळ्या गावाला सांगितलं. कुणी थुंकलं, कुणी हसलं. खानावळवाली वर्के सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, "तरीच म्हटलं, गाशे मेकुरिया यंदा एवढं पुण्य का वाटताहेत!" अब्बांनी नकळत घडलेलं पाप लागत नाही म्हणून सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. गावाचं तेवढ्यावर भागलं. फासिका उजाडल्यावर तोच पास्ता त्याच लोकांनी रांग लावून नेला.

अत्सेदेचं मात्र भागलं नाही. घरोघर कोंबडीचा रस्सा उकळत होता, आणि ती उपवासाचे बिघडलेले तीन आठवडे भरून काढायला बसली. मेकुरियाने तिला गावच्या गिरणीचा पांढुरका, चिकट पास्ता मिठात उकडून नेला. तिने दोन तुकडे गिळले. त्याने अब्बांना बोलावून आणलं.

"एमाहोय, हे शास्त्रात बसत नाही," अब्बा जरा चिडूनच म्हणाले. "फासिकानंतर पन्नास दिवस उपवासाला मनाई आहे. हा आनंदाचा काळ."

"मी कुठे उपवास करतेय, अब्बा?" ती म्हणाली. "मला भूक नाही, एवढंच. आनंदात आहे मी."

अब्बांनी मेकुरियाकडे पाहिलं. मेकुरियाने त्यांना दारापर्यंत पोचवलं. त्या दिवसापासून तोही बहिणीशेजारी बसून तोच पांढुरका पास्ता खायला लागला. एकदा तिने विचारलं, "तुझ्या त्या मित्राला रागावलास का रे?" तो नाही म्हणाला. "नकोस रागावू. त्याने सणाचं म्हणून पाठवलं होतं."

दुसऱ्या आठवड्यात ती गेली.

मातीहून परतल्यावर बायकोने, बेलायनेशने, त्याच्यापुढे ताट ठेवलं. रस्सा होता, मधोमध उकडलेलं अंडं होतं. मेकुरियाने हात धुतले, ताट हलकेच बाजूला सारलं आणि चुलीवर पाण्याचं भांडं ठेवलं.

"आता कशाला?" ती कळवळून म्हणाली. "फासिका होऊन गेला, एत्येही गेली. आता कुणाचा उपवास?"

"तिचे थोडे दिवस राहिलेत," तो म्हणाला आणि पाण्यात मीठ टाकलं.