मेणाचा डोळा

“बाबा, तुम्हाला आता नीट दिसत नाही, हो ना?”

अम्मियाने एका दमात विचारले आणि जीभ चावली. प्रश्न तिचा नव्हता. सकाळी कारंज्यावर घागर भरताना एल्पिस आणि त्रिफेना या तिच्या मैत्रिणींनी तिला डिवचले होते. “तुझा बाबा काल आमच्या गाढवाला ‘या, बसा’ म्हणाला! हिंमत असेल तर विचार त्याला. नाही विचारलंस तर आठवडाभर आमच्या घागरी तू वाहायच्या.”

तिचे वडील अड्रास्तोस खो खो हसले. “कोण म्हणतं? त्या कारंज्यावरच्या साळकाया-माळकाया? अगं, मला तुझ्या नाकावरचा घाम इथून दिसतोय.”

मित्रांनो, तिच्या नाकावर घाम नव्हता. संगमरवराचा भुगा होता. मला हे कळले, कारण तेव्हा मी अड्रास्तोसच्याच हातात होते.

मी एक जुने गिरमिट आहे. माझा दांडा ऑलिव्हच्या लाकडाचा आणि टोक लोखंडाचे. अम्मियाच्या पणजोबांनी मला घडवले. माझ्या कमरेला चामड्याची वादी गुंडाळतात. एकाने मला दगडावर रोखून धरायचे, दुसऱ्याने वादीची दोन्ही टोके धरून मागे-पुढे ओढायचे, की मी गरगर फिरते. एकट्यादुकट्याचे हे कामच नव्हे. धरणारा तो उस्ताद आणि ओढणारा तो नुसता हमाल, असे लोक समजतात. पण ओढणाऱ्याने हात थांबवला की उस्तादालाही थांबावे लागते. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या आफ्रोडिसियास गावच्या मूर्ती जहाजात बसून पार रोमपर्यंत जातात. त्यांतल्या कितीतरी मी कोरल्या आहेत! देवांच्या दाढ्या, सिंहांच्या नाकपुड्या, श्रीमंत बायकांचे कुरळे केस. एका सेनापतीला तर टक्कल होते, त्याला मी बटा उगवून दिल्या. पण माझे सर्वांत मानाचे काम म्हणजे डोळा उघडणे. बुबुळ सगळ्यात शेवटी कोरतात. तोवर मूर्ती आंधळी. उस्ताद अंगठा पाण्यात बुडवून मूर्तीच्या पापणीवर ठेवतो, कारखान्यातले सगळे हातोडे थांबतात आणि मग मी फिरते. त्या दोन बारीक भोकांनी दगड तुमच्याकडे बघू लागतो. लोक म्हणतात, “वा, काय नजर आहे!” गिरमिटाचे नाव कोणी घेत नाही. मला त्याचे काही वाटत नाही. म्हणजे, थोडे वाटते.

पण हा भुगा फार वाईट. तो श्वासाबरोबर आत जातो आणि बाहेर येत नाही. माझी वादी वीस वर्षे अम्मियाच्या मामाने, झोसिमोसने ओढली. शेवटच्या वर्षी तो दोन हिसके द्यायचा आणि खोकायचा, पुन्हा दोन हिसके आणि पुन्हा खोकायचा. एका सकाळी तो वादी हातात धरूनच बसला, तो उठलाच नाही. त्याला पुरून आल्यावर वादी अकरा वर्षांच्या अम्मियाने उचलली. दुसरे कोण होते?

अड्रास्तोसची छाती शाबूत राहिली, डोळे गेले. उन्हात तापलेल्या पांढऱ्याशुभ्र दगडाकडे तीस वर्षे रोखून बघायचे म्हणजे काय होते, ते आमच्या गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या मूर्तिकाराच्या डोळ्यांवर धरलेल्या सायीत दिसते. केस, चुण्या, बोटे हे सगळे अड्रास्तोस अंगठ्याने चाचपून कोरत. चाचपता येत नाही तो फक्त डोळा. आणि नेमके तेच काम आले.

आपफिया नावाच्या बाई गावात फार मोठ्या होत्या. त्यांची मेलितिने नावाची आठ वर्षांची मुलगी तापाने गेली होती. बाई स्वतः कारखान्यात आल्या. हातात मुलीची एक चप्पल होती, मापासाठी. मुलीच्या चेहऱ्याचा मातीचा साचा त्यांनी अंत्यविधीआधी करून घेतला होता, पण साच्यात डोळे मिटलेले होते.

“तिचा डावा डोळा हसताना जरा बारीक व्हायचा,” बाई म्हणाल्या. “तसाच कर. बाकी काही चुकलं तरी चालेल मला.”

“बाईसाहेब, ती तुमच्याकडे बघून हसेल,” अड्रास्तोसने शब्द दिला.

अम्मियाने तो प्रश्न विचारला, त्याच दिवशी मूर्तीचे डोळे उघडायचे होते. उजवा डोळा ठीक उघडला. डाव्यावर त्यांनी मला टेकवले आणि मला थंड घाम फुटला, म्हणजे गिरमिटाला फुटत असता तर फुटला असता. मी जवाच्या दाण्याएवढे खाली होते. बुबुळावर नाही, पापणीच्या कडेवर.

अम्मियाला दिसले. “बाबा, जरा वर—”

“ओढ. मला शिकवू नकोस.”

मित्रांनो, वादी तिच्या हातात होती. तिने हात थांबवले असते तर मीही थांबले असते. पण सकाळचा प्रश्न अजून हवेत लोंबत होता. आता थांबणे म्हणजे सगळ्या कारागिरांसमोर बापाला आंधळा म्हणणे. तिने ओढले. मी फिरले. पापणीचा टवका उडाला.

अड्रास्तोसने फुंकर मारली. “कसा झालाय?”

“छान,” अम्मिया म्हणाली.

दुपारी ते झोपल्यावर ती आईच्या कुशीत शिरून रडली. तिची आई तातियाने तिचे डोळे पुसले. मग तिने मेणाचा गोळा आणला. मेणात संगमरवराचा भुगा मळून खोट भरायची ही युक्ती सगळ्या कारखान्यांत चालते, पण मूर्तीच्या पाठीमागच्या चुणीत. चेहऱ्यावर ती कोणी करत नाही.

“आई, हे बरं नाही गं.”

“मला कळतं. पण त्यांना कळलं तर ते अन्नपाणी सोडतील. भर मुकाट्याने. मूर्ती ओसरीच्या सावलीत राहणार आहे. कोणाला समजणार?”

त्या दिवशी अम्मियाने मला पहिल्यांदा हातात धरले. वादी तातियाने ओढली. मेणात मी लोण्यात शिरावे तसे शिरले. काय सांगू, बुबुळ अगदी जागेवर बसले, आणि डोळा किंचित बारीक झाला, हसल्यासारखा. असा हात मी तिच्या पणजोबांनंतर पाहिला नव्हता. पण तो डोळा खोटा होता.

मूर्ती बसवायच्या दिवशी आपफियाबाईंचा विचार बदलला. “ओसरीत नको. ती चौकातल्या हौदापाशी खेळायची, तिथेच उभी करा.”

चौकात सावलीचे एक झाडसुद्धा नव्हते. भर उन्हाळा होता. अम्मियाचा चेहरा मूर्तीपेक्षा पांढरा पडला. तिने आईकडे पाहिले, आई पायांकडे बघत राहिली.

दुपारी मूर्तीवरचे कापड काढले. मी अड्रास्तोसच्या कमरेला लटकलेले होते, कारण उस्ताद त्या दिवशी हत्यार घेऊन जातो. आधी वाहवा झाली. मग भाषणे झाली. ती लांबली. दगड तापला. आणि मेलितिनेच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब गालावर घरंगळला.

“रडतेय! पोर रडतेय!” कोणीतरी ओरडले. लोक गुडघ्यांवर बसले. आपफियाबाई धावल्या आणि त्यांनी मूर्तीचे पाय धरले. “मी आलेय बाळा, आई आलीय, रडू नको.”

त्यांचा कारभारी ओनेसिमोस पुढे झाला. त्याने गालावर बोट फिरवले, हुंगले आणि चोळून पाहिले. “बाईसाहेब,” तो हळूच म्हणाला, “हे मेण आहे.”

मागून एकजण फिसकन हसला. “आंधळ्याने केलाय डोळा!” मग बरेचजण हसले. पण बाई उठून उभ्या राहिल्यावर कोणीच हसले नाही.

अड्रास्तोस चाचपडत पुढे गेले. त्यांनी अंगठा ओला केला आणि त्या पापणीवर ठेवला. मऊ मेण, खाली तुटलेली कड, सगळे त्यांना त्या एका स्पर्शात समजले. अम्मिया बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते मोठ्याने म्हणाले, “मी भरलं. मीच. घरच्यांना यातलं काही ठाऊक नाही.”

“चौथऱ्यावरचं याचं नाव खरवडा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. “आणि ही तुझ्याकडे परत ने, अड्रास्तोस. साचा मूर्ती घडवतानाच फुटलाय. तिचा दुसरा चेहरा माझ्याजवळ नाही. पंधरा दिवस देते. डोळा नीट कर, नाहीतर हातोड्याने फोडून टाक. अशी मला ती बघवत नाही.”

कारागीर दुसऱ्याच दिवशी शेजारच्या कारखान्यात गेले. मी कोपऱ्यात फेकले गेले. माझ्या टोकाला गंज चढला, वादी वाळून कडक झाली. मेलितिने एका डोळ्याने दाराकडे बघत उभी होती. अड्रास्तोस भिंतीकडे तोंड करून बसत. नऊ दिवसांत ते एकच वाक्य बोलले. “तू ‘छान’ का म्हणालीस गं?”

मित्रांनो, मी लाकडाचे आणि लोखंडाचे आहे, मला जीभ नाही, म्हणून मी तेव्हा गप्प राहिले. तुम्हाला जीभ आहे. हत्यार गंजले तर त्याला तेल लावा, एवढीच विनंती मी एरवी केली असती. पण तुमच्या घरातल्या कोणाची नजर अधू होत असेल, हात कापत असेल, तर त्याला हसू नका आणि ‘छान’ म्हणून फसवूही नका. वेळेवर हात थांबवा. रागावले तर रागावू देत.

दहाव्या दिवशी सकाळी अम्मियाने मला कोपऱ्यातून उचलले. राखेने माझा गंज घासला आणि वादीला तेल चोळले. मग तिने मूर्तीच्या पापणीचा तुटलेला भाग चौकोनी खोदून काढला आणि त्यात त्याच खाणीतला नखाएवढा तुकडा चुन्यात पक्का बसवला. मेण औषधालाही नाही. तो सांधा तिने चार दिवस सुकू दिला. आता बुबुळ तेवढे राहिले होते, आणि मुदतीचा एक दिवस.

मला घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. तातिया मसूर निवडत होती. अड्रास्तोस भिंतीपाशीच होते. अम्मियाने वादीची दोन्ही टोके त्यांच्या मुठीत दिली.

“हे काय?” त्यांनी विचारले.

“पोरीच्या हातात उस्तादाचं काम? लोक काय म्हणतील?” तातिया म्हणाली.

“लोकांचं म्हणून झालंय, आई. मी ठरवलंय. उद्या मेलितिनेचा डोळा मी उघडणार. गिरमिट मी धरणार, बाबा, वादी तुम्ही ओढायची. आणि मी ‘थांबा’ म्हटलं, की थांबायचं.”