भांड्यांवरील नावांची बातमी

माणसाच्या आवडीस काही उपयोग असलाच पाहिजे काय, हा प्रश्न माझ्या मनात पूर्वी कधी उद्भवला नव्हता. मिहानमधील एका कंपनीच्या फाटकावर पहारा देणे हा माझा चरितार्थ. आणि सुट्टीच्या दिवशी इतवारीतील मोडीच्या दुकानांतून नावे कोरलेली जुनी भांडी विकत आणणे, ही माझी आवड. कुणी, कुणास, कोणत्या प्रसंगी ते भांडे दिले, हे वाचताना मला अवर्णनीय समाधान लाभते.

"अवो, घरात पाय ठेवाले जागा नाही, अन् तुम्ही लोकायचे लोटे आणून राहिले!" असे माझी पत्नी कौशल्या नित्य म्हणते. तिचे भाऊ तर मला 'लोटेवाले जवाई' असेच संबोधतात.

म्हणून एका दैनिकाच्या वार्ताहर अदितीबाई माझ्या या आवडीवर लिहिण्याकरिता घरी आल्या, तेव्हा मी हात जोडून एकच विनंती केली. "मॅडम, लोक हसतील असे लिहू नका. गंभीरपणे लिहा."

"लिहीन की, काका. पण मग इतर बातम्यांसारखीच करावी लागेल हं. नावं, फोटो, फोन करून खात्री."

मी आनंदाने होकार दिला. फोटोकरिता त्यांनी पाण्याचा एक पितळी गुंड निवडला. त्यावर 'श्री. नत्थूजी वैरागडे यांजकडून चि. अंकित यांस विवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट' असे कोरलेले होते.

अदितीबाईंनी शोध घेऊन अंकितचे चुलते असलेल्या नत्थूजींना फोन केला, आणि त्याच संध्याकाळी ते गृहस्थ स्वतः माझ्या दारी उपस्थित झाले. पुतण्याने आपली भेट मोडीत विकली, याचा त्यांना संताप आला असावा, असे मी समजलो.

"अंकितरावांची काही अडचण असेल," मी नम्रपणे म्हणालो.

"त्याचं सोड गा! त्यानं इकला तं इकला." त्यांनी गुंड दिव्याखाली तिरपा धरला. "माह्या नावाखाली काय दिसून राहिलं, सांग."

तेथे घासून पुसट केलेले दुसरेच एक नाव होते.

"मीच जुना घेतला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "घासून, नाव टाकून देल्ला. घरी माह्या बायकोले, शोभाले बी मालूम नाही. ते तं अजून सांगते, आमच्याकडून नवाकोरा गुंड गेला म्हणून. फोटो नको छापू गा. लोकं हासतीन मले."

माझ्याच मनातील भय दुसऱ्याच्या मुखातून ऐकून मी गोंधळलो. त्यांच्यासमोरच मी अदितीबाईंना फोन लावला.

"बरं, मग दुसरं भांडं घेऊ या," त्या म्हणाल्या. "पण नाव हवंच, काका. नावाशिवाय ती नुसती शेवटच्या पानावरची गंमत होईल."

मी फळीकडे पाहिले. कोणते भांडे सांगावे? प्रत्येकावर कुणाचे तरी नाव, आणि प्रत्येक मोडीत गेलेले. त्यामागे कोण लपले आहे, हे इतकी वर्षे वाचूनही मला ठाऊक नव्हते.

"गंमतच लिहा," मी म्हणालो.

रविवारी 'भांड्यांत रमलेले काका' छापून आले. नाव कुणाचेच नव्हते; माझे तेवढे होते. दुपारी नत्थूजींचा फोन आला.

"मस्त लिहिलं गा तुह्यावर! शोभाले वाचून दाखवलं, भल्ली हासली!"

त्यांचे आभार मानावेत की त्यांच्यावर रागवावे, याचा निर्णय न झाल्यामुळे मी फोन ठेवला आणि त्यांचा गुंड नाव भिंतीकडे करून फळीवर ठेवला.